पाठवायचं, पण कुणाकडे?

सुटका होऊन आलेल्या मुलीला घरी पाठवायचं की नाही, हे ठरवण्याआधी कुणीतरी ते घर बघून यावं लागतं. ते बघून येणं हे माझं काम. कागदोपत्री त्याला गृहचौकशी म्हणतात. आम्ही आपसांत ‘होम व्हिजिट’ म्हणतो. मुंबईत मानवी तस्करीच्या विरोधात काम करणाऱ्या एका संस्थेत मी समाजकार्यकर्ती आहे. छाप्याच्या वेळी पोलिसांसोबत जाणं, मुलींचं समुपदेशन, कोर्टाच्या तारखा, शिवणाचे आणि संगणकाचे वर्ग, हे सगळं संस्थेत चालतं आणि त्यातलं थोडंफार माझ्याही वाट्याला येतं. पण माझ्या नोकरीचा मोठा भाग गेला तो लोकांच्या ओसरीवर बसण्यात, बंगालमधल्या कॅनिंगपासून बीडमधल्या केजपर्यंत. त्या ओसऱ्यांवर जे कळलं ते सांगावं म्हणून हे लिहिते आहे. मुलींची नावं आणि गावं यात येणार नाहीत. ती उघड करायला कायद्याची मनाई आहे, आणि मनाई नसती तरी मी ती लिहिली नसती.

माझं काम ऐकलं की लोक पहिल्यांदा छाप्याबद्दल विचारतात. छापा हे जोखमीचं काम आहे, यात शंकाच नाही. खबर कधी गिऱ्हाईकाकडून येते, कधी आधी सुटून गेलेल्या मुलीकडून, कधी रोज त्याच गल्लीत चहा पोचवणाऱ्या पोराकडून. मग पोलिसांना पत्र, बनावट गिऱ्हाईक, नंबर टिपून ठेवलेल्या नोटा, पंच. पंचांमध्ये एक तरी बाई असावी लागते. मुली माळ्यावर, कपाटामागच्या कप्प्यात, भिंतीतल्या पोकळीत कोंबलेल्या असतात; त्या शोधायच्या. महिला पोलीस नसेल तर मान्यताप्राप्त संस्थेच्या बाईसमोरच मुलीची विचारपूस करावी, असं कायदा सांगतो. आमच्यापैकी जी तिथे असते तिचं खरं काम एकच : मुलीच्या शेजारी बसून तिला पुन्हा पुन्हा सांगणं, की तुला अटक झालेली नाही, तू आरोपी नाहीस. कुंटणखाना चालवणाऱ्या घरवालीनं तिला आधीच पढवून ठेवलेलं असतं की पोलीस मारतात आणि संस्थावाले पुढे विकतात. हातात काहीही नसलेली ती मुलगी आमच्यावर विश्वास ठेवेल अशी अपेक्षा त्या रात्री आम्ही करत नाही.

ती रात्र संपते. मुलगी अठराच्या आतली असेल तर तिला चोवीस तासांत बालकल्याण समितीपुढे उभं करायचं. सज्ञान असेल तर न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे. आणि तिथून पुढचा प्रश्न सुरू होतो. हिला आता पाठवायचं, पण कुणाकडे?

बाहेरच्या माणसाला या प्रश्नाचं उत्तर सोपं वाटतं : आईबापाकडे. पण मुलीशी बोलायला लागलं की कळतं, तिला घरातून उचलून नेणारा अनोळखी माणूस क्वचितच असतो. बहुतेक वेळा तो ओळखीचाच असतो. गावातली बाई, आत्याचा दीर, लग्नाचं वचन दिलेला मुलगा, कामाला लावून देतो म्हणणारा मुकादम. कधी सख्खा काका. कधी नवरा. ज्या दारातून ती गेली त्याच दारात तिला परत सोडलं, तर तिला पुन्हा नेणं आधीपेक्षा सोपं होतं. कारण आता गाव तिच्या बाजूनं उभं राहणार नाही, हे नेणाऱ्यालाही ठाऊक असतं.

शिवाय जो नातेवाईक म्हणून दारात येतो तो खरंच नातेवाईक आहे का, हाही प्रश्न असतोच. छाप्यानंतर दोन-चार दिवसांत कोर्टाच्या आवारात माणसं दिसायला लागतात. कुणी भाऊ असतो, कुणी मामा, कुणी नवरा. हातात शिधापत्रिका, जन्माचा दाखला, लग्नाचा फोटो. वकीलही तयार. बऱ्याचदा हे सगळं उभं करणारा पैसा घरवालीचा असतो. तिच्या हिशेबात मुलगी म्हणजे अडकलेली रक्कम, आणि ताब्याचा अर्ज म्हणजे ती रक्कम सोडवून घेण्याचा मार्ग.

आमच्या क्षेत्रातल्या थोरल्या ताया १९९६ च्या फेब्रुवारीची हकीकत सांगतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पोलिसांनी कामाठीपुरा परिसरात मोठे छापे घातले आणि चारशेहून जास्त मुली बाहेर काढल्या. त्यातल्या जवळजवळ निम्म्या नेपाळच्या होत्या. सरकारी गृहांमध्ये एवढ्या मुली ठेवायला जागा नव्हती, औषधपाणी पुरत नव्हतं, भाषा कळत नव्हती. नेपाळ सरकार त्यांना परत घ्यायला काचकूच करत होतं. त्या नेपाळच्या नागरिक आहेत याचा पुरावाच मागितला जात होता. शेवटी नेपाळमधल्या स्वयंसेवी संस्था पुढे झाल्या आणि त्या वर्षीच्या जुलैत सव्वाशेच्या आसपास मुली काठमांडूला पोचल्या. छाप्याची तयारी होती, पुढची नव्हती, असं त्या ताया सांगतात. त्या मुलींपैकी काहींनी पुढे काठमांडूत ‘शक्ती समूह’ ही स्वतःची संस्था उभी केली. चारीमाया तामांग त्यांच्यातल्याच एक. विकल्या गेलेल्या बायकांनी स्वतः चालवलेल्या या संस्थेला २०१३ साली रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आमच्याकडे नव्यानं येणाऱ्या प्रत्येक कार्यकर्तीला मी ही हकीकत दोन्ही टोकांनी सांगते. तयारीविना केलेल्या सुटकेत किती हाल झाले तेही, आणि त्याच हालांतून गेलेल्या बायका काय उभं करू शकल्या तेही.

गृहचौकशीला पाया देणारा कायदा जुनाच आहे. १९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा, ज्याला पोलीस ठाण्यात सगळे ‘पिटा’ म्हणतात, त्याच्या कलम १७ अ मध्ये तरतूद आहे की सुटका झालेल्या व्यक्तीला आईवडील, पालक किंवा नवऱ्याच्या ताब्यात देण्याआधी ती माणसं खरी आहेत का आणि तिला सांभाळू शकतील का, याची चौकशी न्यायदंडाधिकारी मान्यताप्राप्त संस्थेकडून करून घेऊ शकतात. तरतूद होती, पण ती वापरली जाईलच याची खात्री नव्हती. त्या बाबतीत आम्हां सगळ्यांवर ‘प्रेरणा’ या संस्थेचं मोठं ऋण आहे. प्रीती पाटकर आणि प्रवीण पाटकर यांनी १९८६ मध्ये कामाठीपुऱ्यात सुरू केलेली ही संस्था. तिथल्या बायकांच्या मुलांसाठी त्यांनी १९८८ मध्ये रात्रीचं पाळणाघर काढलं, हे पुष्कळांना माहीत असतं. पण त्यांनी उच्च न्यायालयात लढवलेल्या खटल्याबद्दल फारसं बोललं जात नाही. २००२ मध्ये त्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की सुटका झालेल्या मुलीचं वय आधी ठरवा. ती अल्पवयीन असेल तर बालकल्याण समितीकडेच पाठवा. पालक योग्य आहेत की नाहीत हे तपासल्याशिवाय तिला त्यांच्या हवाली करू नका. आणि जो वकील कुंटणखाना चालवणाऱ्याची बाजू मांडतो तो त्याच मुलीचा वकील म्हणून उभा राहू शकत नाही. एका संस्थेनं चिकाटीनं लढवलेल्या त्या खटल्यामुळे आज माझ्यासारखीच्या अहवालाला वजन आहे.

आता एका मुलीबद्दल सांगते. ती आली तेव्हा तिनं सांगितलेलं सगळंच खोटं होतं. वय एकोणीस, नाव कुठल्याशा नटीचं, गाव ‘कलकत्ता’, आणि ‘मी माझ्या मर्जीनं आले’. सुटलेल्या मुली हे एका दमात, त्याच क्रमानं म्हणतात. घरवाली ते घोकून घेते. सरकारी दवाखान्यात हाडांची आणि दातांची तपासणी झाली, त्यात वय सतरा ते एकोणीस असं आलं. म्हणजे अल्पवयीन म्हणावं तर म्हणता येईल, नाही म्हणावं तर नाही. आरोपीच्या वकिलाला एवढं पुरतं.

आम्ही तिला काही विचारलं नाही. पहिल्या आठवड्यात विचारायचं नाही, हा आमच्याकडचा नियमच आहे. झोपू द्यायचं, जेवू द्यायचं, डॉक्टरकडे न्यायचं. ती स्वयंपाकघरात रमायची. मासे आले की स्वतःहून विळी ओढून बसायची. तिथेच, कापताना, तिच्या तोंडून गाव थोडं थोडं बाहेर यायला लागलं. दोन्ही अंगांना नदी आहे, पण पाणी पिता येत नाही. बांधावरून चालत शाळेत जावं लागतं. आणि एकदा सहज म्हणाली, आयला आलं तेव्हा मी आईच्या कडेवर होते, आई गळ्यापर्यंत पाण्यात होती.

आयला चक्रीवादळ सुंदरबनला धडकलं ते २५ मे २००९ रोजी. मी ती तारीख वहीत लिहिली आणि मनाशी हिशेब केला. कडेवरचं मूल म्हणजे फार तर तीन वर्षांचं. मग ही तेव्हा एकोणीस वर्षांची असूच शकत नव्हती. पण कडेवरची आठवण हा कोर्टात पुरावा होत नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ प्रमाणे वय ठरवताना आधी शाळेतली जन्मतारीख किंवा परीक्षेचा दाखला बघायचा, तो नसेल तर नगरपालिकेचा किंवा पंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी. म्हणजे शाळा सापडली पाहिजे होती.

शियालदहहून लोकलनं कॅनिंग, तिथून रस्त्यानं गोदखालीचा घाट, मग भुटभुटी म्हणजे मोटरची होडी, मग सायकलचा ठेला. कॅनिंगच्या एका सहयोगी संस्थेची कार्यकर्ती माझ्यासोबत होती. तिच्याशिवाय हे काम झालंच नसतं. भाषा तिची, ओळखी तिच्या, आणि कुठे गप्प राहायचं हे कळणंही तिचंच. गृहचौकशीला पोलिसांची गाडी घेऊन जायचं नसतं. आपण कुठून आलो आणि का आलो हे गावाला कळू द्यायचं नसतं, कारण मुलीचं नाव त्या कामाशी जोडून एकदा गावात फिरलं की ती परत येण्याची वाटच बंद होते. आम्ही वादळानंतरच्या शाळागळतीची माहिती घेतो आहोत, असं सांगितलं. आणि ती माहिती आम्ही खरोखरच घेतली.

त्या भागात फिरताना माणसं का जातात हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. आयलानं बांध फोडले, खारं पाणी शेतांत शिरलं आणि पुढची काही वर्षं भात नीट आलाच नाही. बापे केरळला, तमिळनाडूला, अंदमानला बांधकामावर गेले. २०२० च्या मे महिन्यात अम्फाननं तीच गोष्ट पुन्हा केली. मागे राहिल्या त्या बायका, म्हातारी माणसं आणि शाळा सुटलेल्या पोरी. अशा घरी कुणी कलकत्त्यात घरकामाची नोकरी घेऊन आलं, हातावर आगाऊ पगार ठेवला, तर आई नाही म्हणत नाही.

शाळेचे हेडमास्तर वयस्क होते. त्यांनी लोखंडी पेटी उघडून प्रवेशाची नोंदवही काढली. पाण्यात भिजून पुन्हा वाळलेली पानं वाकडी झाली होती, शाई फुटली होती. पण नोंद वाचता येत होती. मुलीचं खरं नाव, आईचं नाव, जन्मतारीख. त्या नोंदीप्रमाणे तिला पंधरावं वर्षही पुरं झालेलं नव्हतं. त्या एका ओळीनं खटल्याचं स्वरूप बदललं. मर्जीचा मुद्दा संपला, पोक्सो कायदा लागला.

मग घर. आई, आजी आणि बारा वर्षांची धाकटी बहीण. वडील तमिळनाडूत. मुलगी जिवंत आहे हे सांगितलं तेव्हा आईनं आधी दार लोटून घेतलं आणि मग रडली. कुणी नेलं हे तिनं लगेच सांगितलं नाही. आम्ही बसलो असतानाच शेजारची एक बाई आत येऊन उभी राहिली. कोण आलंय, कुठून आलंय, किती दिवस राहणार, असं विचारत राहिली. धाकटीच्या डोक्यावरून हात फिरवत होती. ती गेल्यावर आजी बोलली. हीच घेऊन गेली होती थोरलीला. आणि दुर्गापूजा झाली की धाकटीलाही नेणार आहे. आगाऊ पैसे देऊन झाले होते.

मी अनेक घरं पाहिली आहेत, पण त्या क्षणी अंगावर आलेला काटा अजून आठवतो. आईनं मुलगी विकली होती का? माझ्या अहवालात मला याचं उत्तर द्यायचं होतं. मी लिहिलं, की आईला काम कोणतं आहे हे माहीत नव्हतं. पैसे घेतले ते पगार समजून. थोरलीचा फोन बंद झाल्यावर तिनं त्या बाईला जाब विचारला होता आणि तिला दम दिला गेला होता. आई वाईट नाही, पण नेणारी बाई दहा पावलांवर राहते. म्हणून मुलीला सध्या या घरी पाठवू नये. आधी त्या बाईविरुद्ध तिथल्या ठाण्यात गुन्हा नोंदवला जावा, धाकटीची शाळेत आणि वसतिगृहात सोय व्हावी, स्थानिक संस्थेनं घरावर लक्ष ठेवावं, आणि मग पुन्हा चौकशी करून ठरवावं.

समितीनं तसंच केलं. बाई पकडली गेली. धाकटी कॅनिंगजवळच्या वसतिगृहात गेली. थोरली आमच्याकडे राहून शिकली, कोर्टात साक्ष दिली, विधी सेवा प्राधिकरणाकडून नुकसानभरपाई मिळाली ती तिच्या नावावर बँकेत ठेवली, आणि पुष्कळ महिन्यांनी आई तिला न्यायला गीतांजली एक्स्प्रेसनं मुंबईत आली. पाठवायला वेळ लागला म्हणून मुलगी आमच्यावर कितीदा तरी रागावली. तिचा राग खरा होता. घर आठवणाऱ्या मुलीला ‘अजून नाही’ म्हणणं हे या कामातलं सगळ्यांत जड काम आहे.

‘नाही’ म्हणायला जेवढी हिंमत लागते तेवढीच काही वेळा ‘हो’ म्हणायलाही लागते. बीड जिल्ह्यातल्या एका मुलीच्या घराचा अहवाल लिहिताना मला हे कळलं. घर म्हणजे पत्र्याची एक खोली. आईबाप ऊसतोड मजूर. मुलगी सोळा वर्षांची. कारखान्याच्या गावातच ओळख झालेल्या एका मुलानं तिला नोकरीच्या आणि लग्नाच्या बोलीवर शहरात आणून विकलं होतं. छापील नमुना भरायला घेतला तर प्रत्येक रकाना त्या घराच्या विरोधात जात होता. घर कच्चं. उत्पन्न अनियमित. डोक्यावर मुकादमाची उचल. घरात संडास नाही. वर्षातले पाच-सहा महिने आईबाप गावातच नसतात.

पण बाप पहिल्यांदा आमच्या कार्यालयात आला तेव्हाची गोष्ट मी विसरू शकत नाही. तो उचलीतले पैसे मोडून मुंबईला आला होता. मी विचारलं, दादा, गावात लोक बोलतील, तेव्हा तुम्ही काय करणार? तो म्हणाला, “ताई, लोकांनी आजवर आम्हाला काय दिलं? माझी लेक आहे. तिला नेलं कुणी ते सांगा, मी साक्षीला येतो.” आणि तो खरंच आला. रोज बुडवून, प्रत्येक तारखेला.

गरिबी ही नालायकी नाही. हे वाक्य लिहायला सोपं आहे, पण चौकशीच्या नमुन्यात त्याला रकाना नसतो. पक्क्या घरात राहणारा, नोकरी असलेला काका कागदावर योग्य ठरतो आणि पत्र्याच्या खोलीतला बाप अयोग्य. मी शेजाऱ्यांशी, शाळेच्या बाईंशी, आशाताईशी बोलले. चुलतभाऊ काय म्हणतो, आजीचं घरात किती चालतं, मुलगी बेपत्ता झाल्यावर तक्रार द्यायला कोण गेलं होतं, हे सगळं विचारलं. तक्रार द्यायला बाप गेला होता आणि ‘पळून गेली असेल’ म्हणून त्याला परत पाठवलं गेलं होतं. माझ्या लेखी त्या घराची लायकी तिथेच ठरली.

एक अडचण मात्र खरी होती. दिवस मार्गशीर्षातले. आईबाप टोळीबरोबर कारखान्यावर, कोपीत. तेव्हा मुलीला पाठवलं असतं, तर ती एक तर गावात आजीजवळ एकटी राहिली असती, नाही तर पुन्हा त्याच फडावर गेली असती, जिथे तो मुलगा तिला भेटला होता. म्हणून अहवालात लिहिलं : घर योग्य आहे, हंगाम संपून आईवडील गावी परतल्यावर पाठवावं, आणि पुढच्या हंगामासाठी जिल्ह्यातल्या मुलींच्या वसतिगृहात तिची सोय आधीच करून ठेवावी. ऊसतोडणीचं वेळापत्रक कुठल्याही सरकारी नमुन्यात नसतं. ते त्या ओसरीवर जाऊन बसल्यावरच कळतं.

तिसरी हकीकत वेगळ्या प्रकारची आहे. सीमाभागातली एक बाई, वय चोवीसच्या आसपास. छाप्यात सापडलेल्यांमध्ये तीही होती. ती शांतपणे म्हणाली, “मॅडम, मला कुणी विकलेलं नाही. मला पोरगा आहे, गावाकडे आईजवळ असतो. आईला वाटतं मी शिवणकामाच्या कारखान्यात आहे. तुम्ही चौकशीला माझ्या घरी गेलात, तर तुम्ही काय केलंत हे तुम्हालाच कळायचं नाही.” तिच्या घरी मी गेले नाही. तिचं म्हणणं लिहून न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे ठेवलं आणि चौकशी तिच्या संमतीशिवाय होऊ नये, अशी विनंती केली.

या मुद्द्यावर आमच्या क्षेत्रात तीव्र मतभेद आहेत आणि ते झाकण्यात अर्थ नाही. सांगलीत मीना शेषू यांनी उभ्या केलेल्या ‘संग्राम’ संस्थेनं आणि तिथल्या बायकांच्या ‘व्हॅम्प’ या संघटनेनं वर्षानुवर्षं सांगितलं आहे की सरसकट छापे आणि सक्तीचं पुनर्वसन हीदेखील हिंसाच आहे. मी छाप्यांना जाणाऱ्या संस्थेत काम करते. कोंडून ठेवलेल्या मुलीपर्यंत पोचायला दुसरा मार्ग नसतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तरी त्यांचं म्हणणं मला पटतं, कारण सज्ञान बाईला ‘तुझ्या भल्यासाठी’ म्हणून महिनोन् महिने गृहात ठेवलेलंही मी पाहिलं आहे. पिटा कायद्यात तीन वर्षांपर्यंत संरक्षणगृहात ठेवण्याची तरतूद आहे. २०२० च्या सप्टेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं अशाच तीन तरुणींना सोडण्याचा आदेश दिला. वेश्याव्यवसाय करणं हा या कायद्यानं मुळात गुन्हा ठरवलेला नाही, आणि सज्ञान स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध अडकवून ठेवता येणार नाही, असं न्यायालयानं सांगितलं. १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानंही संरक्षणगृहांत इच्छेविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान स्त्रियांचा आढावा घेऊन त्यांना सोडण्याबाबत निर्देश दिले. हे निकाल आमच्या कामाच्या विरोधात आहेत असं काहींना वाटलं. मला उलट वाटतं. मुलगी अठराच्या आतली असेल, किंवा तिला धाकानं, फसवून, कर्जात अडकवून आणलं असेल, तर आम्ही सगळ्या ताकदीनं तिच्या बाजूनं उभं राहायचं. पण जी सज्ञान बाई ‘मला जाऊ द्या’ म्हणते तिच्यापुढे कुलूप घेऊन उभं राहिलो, तर आम्ही आणि घरवाली यांत फरक तो काय राहिला?

काही घरं मी कधीच बघू शकत नाही, कारण ती सीमेपलीकडे आहेत. बांगलादेशच्या मुलींची गृहचौकशी तिथल्या संस्था करतात. जशोरची ‘राइट्स जशोर’ हे त्यातलं एक मोठं नाव. मग नागरिकत्वाची पडताळणी, उच्चायुक्तालयाचा प्रवासपरवाना, दोन्ही सरकारांच्या परवानग्या, आणि शेवटी पेट्रापोल-बेनापोलच्या फाटकावर हस्तांतरण. यात महिने जातात, कधी वर्षं. मुलगी गृहात मोठी होत राहते. या दिरंगाईला एक माणूस जबाबदार नसतो, म्हणूनच ती हलवणं अवघड जातं. फाईल कुठल्या टेबलावर आहे हे दर आठवड्याला विचारत राहणं, हेही संस्थांचंच काम होऊन बसतं. ते कंटाळवाणं आहे, त्याला देणगीदार मिळत नाहीत, पण ते केलं नाही तर मुलगी तिथेच अडकते.

पैशाचा मुद्दा निघालाच आहे तर तोही सांगते. छाप्याला निधी मिळतो. निवाऱ्याला थोडा मिळतो. गृहचौकशीला आणि त्यानंतरच्या पाठपुराव्याला मिळत नाही. चौकशी करणाऱ्या सरकारी परिविक्षा अधिकाऱ्यांकडे एवढी प्रकरणं असतात की पुष्कळदा चौकशी फोनवर होते. फोनवर शेजारची बाई आत येऊन उभी राहिलेली दिसत नाही. उचल किती फिटली हे कळत नाही. आई बोलत असताना आजी काय करते ते दिसत नाही. अशा चौकशीवर घरी पाठवलेली मुलगी काही महिन्यांनी दुसऱ्या शहरात दुसऱ्या नावानं सापडते, तेव्हा वर्तमानपत्रं लिहितात की ती ‘पुन्हा त्याच मार्गाला लागली’. तिला पुन्हा नेलं गेलं होतं, आणि तेही आधीच्याच माणसानं, हे कुणी लिहीत नाही.

वाचणाऱ्यांपैकी कुणाला वाटत असेल की आपण यात काय करणार, तर माझ्याकडे दोन सांगण्यासारख्या गोष्टी आहेत. गावातली एखादी मुलगी कामाला म्हणून गेली आणि तिचा फोन बंद झाला, तर घरच्यांना घेऊन ठाण्यात जा आणि तक्रार नोंदवल्याशिवाय उठू नका. अठराच्या आतल्यांसाठी १०९८ आणि एरवी ११२ हे क्रमांक आहेत. आणि एखादी मुलगी परत आली, तर ती कुठे होती हे तिला विचारू नका. तिला शाळेत, बचतगटात, दुकानात कामाला घ्या. मी पाहिलेल्या घरांमध्ये जी टिकली त्यांत एक गोष्ट समान होती : घराबाहेरचं एक तरी माणूस ठामपणे मुलीच्या बाजूचं होतं. कुठे शाळेच्या बाई, कुठे आशाताई, कुठे किराणा दुकानदार. आमचा अहवाल त्या माणसाला शोधू शकतो. ते माणूस होणं मात्र गावातल्याच कुणाला तरी जमवावं लागतं.